बेचिराग

साहेब म्हणाले, अर्धं पान द्या,
तालुक्याची ओळख, हस्तपुस्तिकेसाठी.
क्षेत्रफळ, नद्या, पिकं, प्रेक्षणीय स्थळं.
मी लिहिलं, हिवरकुंड तालुका.
मग चहा येऊन गार झाला.

नदी एक. तीही हद्दीवरूनच जाते,
आत येत नाही,
उंबऱ्यावर उभी राहून बोलणाऱ्या विहिणीसारखी.
प्रेक्षणीय स्थळांपुढे मी रेघ ओढली.
गावं त्रेसष्ट,
त्यातली सतरा बेचिराग.

अकरा वर्षं झाली मला हा शब्द लिहून.
भाडेपट्टा लिहावा, पोटखराब लिहावं, तसाच.
तहसिलीबाहेर लिंबाखाली बसणारे कासीमसाब अर्जीनवीस
एकदा चष्मा पुसता पुसता म्हणाले,
बाई, चिराग म्हंजे दिवा.
जिथं सांजंला कुनी दिवा लावत नाही
ते गाव बेचिराग. लोक हायेत का नाहीत,
हे मुगलाईनं इचारलंच नव्हतं.

त्यांनीच वाचून दाखवला तो कागद,
फसली तेराशे चौदाचा, कडेला वाळवी लागलेला.
पूर्वेची जागीर म्हणते, आमचं ओढ्यापर्यंत.
पश्चिमेची म्हणते, आमचं टेकडीपर्यंत.
मधे उरला हा पट्टा, माळ आणि दगड.
ज्याची जमीन त्यानं चौकी बसवायची,
आणि शिपायांचा पगार साऱ्याहून मोठा.
गिरदावराला रकाना तर भरायचा होता.
त्याच्या घोड्यानं दुपारी
हिवराखालच्या कुंडात पाणी पिलं,
तेवढंच त्यानं लिहिलं.

म्हणजे आम्ही झालो ते असे.
दोघांनी नको म्हटलं
आणि एका घोड्याला तहान लागली.

पुढचं थोडक्यात.
तालुका झाला, मोडला, शेजारच्याला जोडला,
पुन्हा कुणाच्या तरी भाषणात झाला.
पाटी आधी आली, कचेरी दोन वर्षांनी,
बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात.
अजून फायली झटकल्या की सरकी निघते.
पहिल्या तहसीलदारांना म्हणे शिंकांनीच बदली मिळाली.

मंगळवारी सोमला नाईक तांड्यावरून पुढे गेलो,
मौजे चिकणठाण्याला, पाहणीला.
लोकसंख्या निरंक.
चौथऱ्यांचे दगड, एक उखळ मातीत तोंडापर्यंत,
आणि मारुती.
शेंदूर ओला होता.
कोतवाल म्हणाला, कोन लावतंय माहीत नाही,
पन दर शनवारी असतो.

पलीकडे मोबाईलचा टॉवर,
टॉवरच्या बुडाशी पत्र्याची खोली,
खोलीबाहेर वाळत टाकलेला एकच शर्ट.
मुंजाजी घुले, राहणार गंगाखेडकडचे,
जनरेटर सांभाळतात. सात वर्षं झाली.
इथलेच म्हणून लिहू का, विचारलं,
तर म्हणाले, नगं बाई, रेशन तिकडं हाय.
मग जरा थांबून,
पन इथं आवाज जास्त येत्यात.
कसले?
सगळ्यांचे, म्हणाले, आणि वर बोट केलं.
कोण कुनाला काय बोलतंय ते कळत नाही,
नुसतं जातंय डोक्यावरून.

परतीला अंधार पडला.
मागं वळून पाहिलं तर टॉवरच्या शेंड्यावर
तांबडा दिवा, लागतो, विझतो.
कोतवाल हसला,
बाई, आता ह्याला बेचिराग कसं म्हनायचं?
मी हसले नाही. जीपमध्ये कुणीच बोललं नाही
हिवरकुंडाच्या फाट्यापर्यंत.

सकाळी अर्धं पान साहेबांना दिलं.
क्षेत्रफळ आहे, ज्वारी आहे, तूर आहे,
नदी मी आत घेतली थोडी.
बेचिराग गावं : सतरा,
हे खोडलं नाही.
फक्त पेन्सिलीनं, सहज पुसता येईल असं,
बाजूला लिहिलं,
एका ठिकाणी शनिवारी कुणीतरी येतं.
साहेबांनी सही केली, न वाचता.